वाक्याचा धनी

यंत्राने लिहिलेला मजकूर शोधनिबंधांत शिरला, यावर सध्या सगळीकडे एकच सूर ऐकू येतो. स्टाफरूममध्ये तोच, सेमिनारच्या जेवणाच्या रांगेत तोच, विद्यापीठाच्या बैठकीतही तोच. ज्ञानव्यवहार नासला, पोरांनी लिहिणे सोडले, आता यंत्राचा मजकूर नेमका पकडून देणारे सॉफ्टवेअर घ्या, म्हणजे पुन्हा सगळे सुरळीत होईल. मला हे म्हणणे उथळ वाटते. त्यात रोगाचे निदान चुकले आहे, म्हणून औषधही चुकणार आहे.

यंत्राने नासवली ती आपली एक जुनी सवय: सुबक वाक्य दिसले की त्यामागे अभ्यास असणारच, असे धरून चालण्याची. ही सवय आपण नियमांत बसवली, बढतीला जोडली आणि तिलाच गुणवत्ता म्हणू लागलो. वाक्य घडवायला कष्ट पडत होते तोवर हा खोटेपणा झाकला गेला. वाक्य फुकट मिळू लागले आणि झाकण उडाले.

माझे प्रतिपादन असे. यापुढे विद्वत्तेच्या लेखनाचे मोल वाक्य कसे आहे यावर ठरणार नाही, त्या वाक्याचा धनी कोण यावर ठरेल. आमच्या पारनेर तालुक्यात जनावर दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरले की पहिला प्रश्न येतो, ‘याचा धनी कोण?’ विचारणाऱ्याला मालकीचा कागद पाहायचा नसतो; झालेल्या नुकसानीचा जाब कोण देणार, हे त्याला हवे असते. धनी हा शब्द मी याच अर्थाने वापरतो आहे. मराठीत लिहिणाऱ्यांसाठी या प्रश्नाला आणखी एक धार आहे, तिच्याकडेही यायचे आहे.

१. वाक्य पुरावा कसे बनले?

शोधनिबंध वाचणारा माणूस संशोधकाबरोबर शिवारात गेलेला नसतो, दप्तरखान्यात बसलेला नसतो. त्याला विश्वास ठेवावा लागतो आणि विश्वासासाठी खुणा लागतात. नेटकी परिभाषा, संदर्भांची रांग, संयत शैली या त्या खुणा. त्या कमवायला वर्षे जात, म्हणून त्यांना अर्थ होता. इतकी वर्षे घालवणारा माणूस विषयातही बुडालेला असेल, हा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरे. परंतु खूण जोवर महाग असते तोवरच ती खूण असते. ती स्वस्त झाली की नाण्यातली चांदी गेली आणि छाप तेवढा उरला.

आपल्याकडे ही चांदी चॅटजीपीटी येण्याच्या कितीतरी आधी गेली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत अध्यापकांच्या निवडीसाठी आणि बढतीसाठी एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीच्या निर्देशांकाचे, गुण आणले. पेपरला गुण, चर्चासत्राला गुण, पुस्तकाला गुण. २०१६ च्या नियमांतही पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध छापून आणणे सक्तीचे होते. ती सक्ती २०२२ मध्ये उठली. मधल्या काळात ‘पेपर टाकणे’ हा आपल्या महाविद्यालयीन मराठीतला रोजचा वाक्प्रचार झाला. एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र, त्याचा आयएसएसएन क्रमांक असलेला जाडजूड विशेषांक, पानामागे शुल्क आणि आठवड्यात स्वीकृतिपत्र, असा सगळा बाजार उभा राहिला.

याचा पुरावा पुण्यातूनच आला. आयोगाने २०१७ साली मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. त्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून घुसलेल्या नियतकालिकांची तपासणी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला: तपासलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट असू शकतात. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. चॅटजीपीटी लोकांसमोर आले ३० नोव्हेंबर २०२२ रोजी. म्हणजे दार आधीपासून सताड उघडे होते. यंत्र फक्त आत आले.

बाहेरच्या जगाची कथा वेगळी नाही. फ्रान्समधील गीयोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये विज्ञानाच्या निबंधांतून पिळवटलेल्या शब्दप्रयोगांची यादीच काढली. चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला चकवण्यासाठी दुसरे सॉफ्टवेअर शब्दांना प्रतिशब्द घालत सुटले होते. त्यामुळे स्तनाच्या कर्करोगाचे ‘छातीवरचे संकट’ आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची ‘बनावट जाणीव’ अशा थाटाचे इंग्रजी छापून येत होते. ते लेखकाने वाचले नव्हते, संपादकाने वाचले नव्हते, परीक्षकानेही नाही. २०२३ या एका वर्षात हिंदावी या प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकांतून ८,००० हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. वाचकच नसलेले लेखन यंत्राच्या आधीपासून ढिगाने होत होते, एवढे यावरून पक्के होते.

२. टक्केवारीने नेमके काय मोजले?

या दुखण्यावर आपण औषध काढले ते टक्केवारीचे. वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी आयोगाने जुलै २०१८ मध्ये नियम केले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर माफ. दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांत प्रबंध सुधारून द्यायचा. चाळीस ते साठला वर्षभर बंदी. साठच्या वर नोंदणीच रद्द. हेतू चांगला होता. पण मोजले गेले ते अक्षरांचे साम्य. ज्याने दुसऱ्याचे शब्द उचलले तो सापडला आणि ज्याने विचार उचलून शब्द बदलले तो निर्दोष सुटला.

मराठीत तर हे मोजमाप आणखी लंगडे पडले. वर्षानुवर्षे आपले प्रबंध डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी, कृतिदेव, आकृती अशा फॉन्टांत टाइप होत आले. युनिकोडबाहेरच्या या फॉन्टांतला मजकूर यंत्राच्या लेखी रोमन अक्षरांचा गोंधळ असतो. तो जुळवायचा कशाशी? शिवाय इंग्रजी पुस्तकातले प्रकरण मराठीत उतरवून काढले की साम्य शून्य. अशी शून्ये घेऊन किती प्रबंध कपाटांत जाऊन बसले असतील, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

आता यंत्राचा मजकूर आला आणि तो या परीक्षेत सहज पास होतो, कारण त्याचे वाक्य कोणाच्या वाक्याशी अक्षरशः जुळत नाही. यातून शिकायचे ते सोडून आपण तीच चूक दुसऱ्यांदा करायला निघालो आहोत: ‘एआयचे टक्के’ मोजायचे. हे मोजमाप कोणावर उलटते, ते पाहण्यासारखे आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये असे सात शोधक तपासले. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांनी या शोधकांपुढे ठेवले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरवले गेले. कारण साधे आहे. शोधक पाहतो की पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो. परक्या भाषेत जपून लिहिणारा माणूस मोजके, ठरीव शब्द वापरतो, म्हणून तोच ‘यंत्र’ ठरतो. आमच्या तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारपेठेत लहानाची मोठी झालेली आणि जिद्दीने इंग्रजीत प्रबंध लिहिणारी मुलगी या चाळणीत अडकेल. ज्याला यंत्राचा मजकूर थोडा खडबडीत करून घ्यायची युक्ती माहीत आहे तो पार होईल. ओपनएआयने स्वतः काढलेला असा शोधक अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतला. हत्यार घडवणाऱ्यानेच हात टेकले, तिथे आपण ते विकत घेऊन न्याय करणार आहोत.

३. इंग्रजीची जकात

या प्रकरणाची दुसरी बाजू आपल्या चर्चेत फारशी येत नाही. संशोधनाच्या जगात शिरताना इंग्रजी ही जकात आहे आणि ती सगळ्यांना सारखी पडत नाही. तात्सुया अमानो आणि सहकाऱ्यांनी आठ देशांतल्या ९०८ पर्यावरणशास्त्रज्ञांची पाहणी करून २०२३ मध्ये तिचा हिशेब मांडला. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निबंध केवळ भाषेपायी नाकारले जाण्याचे प्रमाण सुमारे अडीच पट आणि भाषा सुधारून आणा असे सांगितले जाण्याचे प्रमाण साडेबारा पट निघाले.

ही जकात यंत्राने बऱ्याच अंशी उठवली. जैववैद्यक निबंधांच्या दीड कोटींहून अधिक सारांशांचा अभ्यास झाला, तेव्हा २०२४ मधल्या किमान साडेतेरा टक्के सारांशांना यंत्राचा हात लागल्याचे दिसले. ‘डेल्व्ह’सारखे काही इंग्रजी शब्द एकाएकी उतू गेले, त्यावरून ते कळले. हा आकडा वाचून नाके मुरडली जातात. मी विचारतो, यातले कितीजण चोर असतील आणि कितीजण नाक्यावर पैसे न भरता पहिल्यांदाच आत आलेले? दोघांना एका मापाने मोजणारी नीती वरून सोवळी आणि आतून सोयीची असते. कारण जकातीचा फायदा ज्यांना होत होता, त्यांनाच भाषेच्या शुद्धतेचा कळवळा अधिक येतो.

आपल्याकडे या जकातीला नकार देणारे होऊन गेले आहेत. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड काढले, ते मराठीत. श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आले आणि त्यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड मराठीत उभे केले. दोघांनाही इंग्रजी येत होते. पण मराठीत लिहिले की जगाला कळणार नाही, ही किंमत त्यांनी जाणून मोजली. ती किंमत आता बरीच उतरली आहे. मराठीत लिहिलेल्या निबंधाचा कामचलाऊ इंग्रजी तर्जुमा कोपनहेगनचा अभ्यासक घरबसल्या मिळवू शकतो. ‘मराठीत लिहून कोण वाचणार?’ हा शंभर वर्षांचा बिनतोड सवाल पहिल्यांदाच सैल झाला आहे आणि आपले मराठी विभाग त्यावर गप्प आहेत.

४. गुळगुळीत मराठी आणि न लिहिलेले गाव

मराठी विभागांच्या निर्धास्तपणामागे एक समजूत आहे: यंत्राला मराठी कुठे नीट येते! सुपातल्या दाण्यांनी जात्यातल्यांना हसण्याचा हा प्रकार आहे. यंत्राला मराठी येते, व्याकरणात चुका दिवसेंदिवस कमी होत आहेत आणि धोका तिथेच आहे. चुकीचे मराठी ओळखू येते. गुळगुळीत मराठी येत नाही. ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’, ‘बहुआयामी स्वरूप अधोरेखित करते’, ‘सखोल दृष्टिकोन प्रदान करते’ या वाक्यांत चूक काढता येणार नाही आणि त्यांतून काही हातीही लागणार नाही. हे मराठी यंत्राने शोधलेले नाही, ते आपल्याच विशेषांकांतून त्याने उचलले. आरशावर रागावण्यात अर्थ नाही.

मुळाशी प्रमाणाचा प्रश्न आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक नोंदले गेले. मात्र मराठी विकिपीडियावर लेख आहेत लाखाच्या आसपास, तर इंग्रजीवर सुमारे सत्तर लाख. यंत्र जे वाचते त्यात आपण नगण्य आहोत. म्हणून मराठीत प्रश्न विचारला तरी उत्तराचा सांगाडा बहुधा इंग्रजीतून येतो आणि वर मराठी कातडे चढते. संज्ञांचेही तसेच. वाईला लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाने, त्याआधी केतकरांनी, पुढे भाषा संचालनालयाच्या परिभाषाकोशांनी एकेक संज्ञा वाद घालून घडवली. ते वाद यंत्राच्या कानावर पडलेले नाहीत. इंग्रजी शब्दाचे पहिले सुचेल ते संस्कृत रूप ते ठोकून देते आणि आपण ते छापतो.

याहून खोल धोका आमच्या तालुक्याच्या उदाहरणाने सांगतो. राळेगणसिद्धी सुप्यापासून जवळ आहे. अण्णा हजारे १९७५ मध्ये गावी परतले, त्यानंतर समतल चर, नालाबांध, पाझर तलाव यांवर देशी-विदेशी अभ्यासकांनी विपुल लिहिले. त्यामुळे राळेगणबद्दल दहा पाने मागितली तर यंत्र ती ठाकठीक देईल. पण राळेगणच्या भोवती अशी गावे आहेत की ज्यांच्यावर कोणी एक पान लिहिलेले नाही. माती तीच, पाऊस तोच, टँकरची वाट पाहणेही तेच. गावकी मात्र निराळी, विहिरींची मालकी निराळी, भांडणे निराळी. अशा गावाबद्दल विचारले की यंत्र ‘ठाऊक नाही’ म्हणून क्वचितच थांबते. शेजारच्याचे उसने घेऊन पोकळी भरते. ज्या गावात ग्रामसभेतून पाणलोटाचे काम कधी झालेच नाही, तिथे ते झाल्याचे छापील वाक्य तयार होते. ते प्रबंधात जाते, प्रबंध महाजालावर जातो आणि पुढचे यंत्र तो वाचून तेच खरे मानते. वाङ्मयचौर्यापेक्षा हे भयंकर आहे. चोरीत निदान मूळ वस्तू कुठेतरी शिल्लक असते. इथे न घडलेल्याची नोंद होते आणि घडलेले बेपत्ता होते.

५. धनीपणाची परंपरा

मजकूर कोणाचा, हा प्रश्न मराठीला नवा नाही. तो आमच्याच जिल्ह्यात उभा राहिला होता. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असे परंपरा सांगते. पुढे तीन शतके नकला होत गेल्या. नकलणाऱ्यांनी शब्द सोपे केले, ओव्या घुसडल्या. त्या ओव्या वाईट होत्या असे नाही, काही तर सफाईदारही असतील. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, इ.स. १५८४ साली, प्रती जमवून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी आपली ओवी यात मिसळू नये, अशी समज शेवटी लिहून ठेवली. एकनाथ स्वतः मोठे कवी होते. त्यांची ओवी ज्ञानेश्वरीत सहज खपली असती. त्यांचा आक्षेप ओवीच्या दर्जाला नव्हता. जे ज्याने म्हटलेले नाही ते त्याच्या नावावर जाऊ नये, एवढाच होता. मग विसाव्या शतकात राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून दुसरी पोथी छापली आणि तिच्या अस्सलपणावर पुन्हा वाद झाले. हे वाद म्हणजेच विद्वत्ता. वाक्य सुंदर आहे का, यावर ते थांबत नाहीत. ते आले कुठून, हा त्यांचा विषय असतो.

धनीपणाचा दुसरा नमुना याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचा आहे आणि तो विद्यापीठाबाहेरचा आहे. तिथे पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने पाण्याचा ताळेबंद सुरू केला. पाऊस पर्जन्यमापकावर मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची आणि त्यावरून यंदा कोणती पिके परवडतील ते ग्रामसभेत ठरवायचे. तिथे फळ्यावर लिहिलेल्या मिलिमीटरच्या आकड्याला धनी असतो. तो चुकला तर कोणाचा तरी कांदा वाळेल आणि तो माणूस सभेत उभा राहून विचारेल. ज्यांना परीक्षक म्हणायचे ते याहून वेगळे काय करतात? उलट आपले बहुतेक निबंध असे आहेत की ते साफ खोटे निघाले तरी कोणाचे काहीच वाळणार नाही. ज्या आकड्याने कोणाचे नुकसान होत नाही त्याचा जाबही कोणी मागत नाही आणि असा आकडा यंत्राने लिहिला काय नि माणसाने लिहिला काय, फरक पडत नाही.

म्हणून धनीपणाची कसोटी मी तीन प्रश्नांत मांडतो. हे तुम्हाला कसे कळले? हे चूक निघाले तर कोण भोगेल आणि त्याच्यापुढे तुम्ही उभे राहाल का? यातले कोणते वाक्य तुम्ही कागद न पाहता, आपल्या शब्दांत, उलटतपासणीत टिकवू शकता? या तिन्हींची उत्तरे ज्याच्याकडे आहेत, त्याने वाक्यरचना यंत्राकडून करून घेतली तरी ज्ञानाला बाधा येत नाही. ज्याच्याकडे ती नाहीत, त्याने बोरूने लिहिले तरी ते लेखन बेवारस आहे.

६. तीन पूर्वपक्ष

पहिला पूर्वपक्ष: ही तर लबाडांना मोकळीक झाली. तसे नाही. आज लबाडीची शिक्षा शैलीला होते. मला ती दाव्याला व्हायला हवी आहे. अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचा संदर्भ देणे, न घेतलेली मुलाखत छापणे, न मोजलेला आकडा लिहिणे, हे गुन्हे आहेत आणि ‘यंत्राने दिले’ ही सबब त्यांना चालू नये. ‘नेचर’ने जानेवारी २०२३ मध्येच स्पष्ट केले की यंत्राला लेखक म्हणून मान्यता मिळणार नाही, कारण लेखकपणाबरोबर जबाबदारी येते आणि ती यंत्र घेऊ शकत नाही. उरली ती सगळी सही करणाऱ्याची. ही अट आजच्या टक्केवारीपेक्षा कडक आहे. टक्केवारी एकदा पार केली की सुटका होते, धनीपण आयुष्यभर चिकटते.

दुसरा पूर्वपक्ष सगळ्यांत वजनदार आहे: लिहिणे म्हणजेच विचार करणे; यंत्र लिहू लागले तर विचारच खुंटेल. हे मला अर्ध्याहून अधिक मान्य आहे. वाक्य अडते तिथे बहुधा विचार अडलेला असतो आणि ती अडचण यंत्राने परस्पर बुजवली तर आपल्याला कळतही नाही की आपण विचार केलेला नाही. पण यातून निघते काय? विद्यार्थ्याला हाताने लिहायला लावलेच पाहिजे, एवढे निघते. तालमीतल्या जोर-बैठका अंगात ताकद यावी म्हणून असतात. कुस्तीच्या दिवशी पंच जोर किती मारले हे मोजत नाही. आपण जोरांची वही पाहून कुस्ती जिंकल्याचा निकाल देत आलो. लेखनाचा सराव वर्गात वाढवा, कागद-पेन घेऊन, गुणांशिवाय. विचार झाला की नाही हे मात्र समोर बसवून प्रश्न विचारल्यावरच कळेल. शिवाय ज्याने मराठीत विचार करून, मराठीत लिहून, यंत्राकडून इंग्रजी करून घेतले त्याचा विचार कुठे खुंटला? खुंटला तो यंत्राने दिलेल्या मुद्द्यांवर नुसता हात फिरवणाऱ्याचा.

तिसरा पूर्वपक्ष व्यवहाराचा: प्राध्यापक दर्जाच्या एका मार्गदर्शकाकडे आठ विद्यार्थी असू शकतात, परीक्षकाला वेळ नसतो, ग्रामीण महाविद्यालयाकडे ना पैसा ना माणूसबळ, ही उलटतपासणी करणार कोण? अडचण खरी आहे, पण वेळ जातो कुठे तेही पाहू. तो कोणी न वाचणारे निबंध लिहिण्यात, छापण्यात, त्यांच्या पीडीएफ गुणांच्या तक्त्याला जोडण्यात जातो. तो वाचवला तर पुरेल. आणि बाहेरून कोणी यादी करून देईल ही आशा आता सोडायला हवी. मान्यताप्राप्त नियतकालिकांची ‘केअर’ नावाची यादी बंद करण्याचा निर्णय आयोगाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या बैठकीत घेतला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केला. नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आली. योगायोग असा की मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा केंद्र सरकारचा निर्णयही ३ ऑक्टोबर २०२४ चाच. एकाच दिवशी आपल्या हाती भाषेचा मान आला आणि पारखीचे ओझेही आले. मानाचे सत्कार झाले. ओझ्याकडे अजून कोणी वळून पाहिलेले नाही.

७. मग बदलायचे काय?

बदल खर्चिक नाहीत, गैरसोयीचे आहेत.

पहिला, मोजणी कमी करा. पाच वर्षांत अध्यापकाने आपले उत्तम असे दोन निबंध पुढे ठेवावेत आणि समितीने ते खरोखर वाचावेत.

दुसरा, निबंधासोबत कच्चा माल मागा. विहिरीच्या मोजमापांची वही, मुलाखतीचे ध्वनिमुद्रण, मोडी कागदाचे छायाचित्र. यंत्र निष्कर्ष लिहू शकते. चिखल लागलेली वही ओढूनताणून बनवायला गेले तर चौकशीच्या तिसऱ्या प्रश्नाला ती उघडी पडते.

तिसरा, यंत्राची मदत घेतली असेल तर ती सरळ नोंदवा: भाषांतराला, भाषा सुधारायला की मुद्दे काढायला. ही नोंद पापाची कबुली ठरू नये, नाहीतर कोणी खरे लिहिणार नाही.

चौथा, आधी मराठीत लिहा, युनिकोडमध्ये लिहा आणि सर्वांना खुले ठेवा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘कृषिदर्शनी’ दरवर्षी मराठीत निघते. तिच्यातली बियाण्याची मात्रा चुकली तर शेतकरी बांधावरून जाब विचारतो. त्या मराठीला जे वजन आहे ते बढतीसाठी छापलेल्या अनेक इंग्रजी पानांना नाही. तसे मराठी समाजशास्त्रात, इतिहासात, अर्थशास्त्रात साठत गेले तर यंत्रही उसने मराठी सोडून आपल्या मराठीवर पोसले जाईल. ‘नवभारत’, ‘परामर्श’, ‘भाषा आणि जीवन’ यांसारख्या नियतकालिकांचे जुने अंक शोधण्याजोग्या रूपात आणणे हा त्यातलाच भाग आहे.

पाचवा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा: ज्यांच्यावर संशोधन केले, त्यांच्यापुढे ते एकदा मराठीत वाचून दाखवा. पीएच.डी.ची मौखिकी विद्यापीठाच्या वातानुकूलित खोलीत होते आणि मार्गदर्शक, बहिःस्थ परीक्षक, विद्यार्थ्याचे नातेवाईक असे सगळे पेढे खाऊन घरी जातात. गावाच्या पाण्यावर प्रबंध असेल तर त्याआधी एक बैठक त्या गावच्या पारावर व्हावी. गुण देण्याचा हक्क तिथल्यांना नको. प्रश्न विचारण्याचा पुरे.

अशा बैठकीत प्रबंधाची भाषा कोणी तपासणार नाही. प्रस्तावना माणसाने लिहिली की यंत्राने, हेही कोणी विचारणार नाही. मागे बसलेला एखादा म्हातारा एवढेच विचारेल, ‘बाई, पान सत्तरवर आमच्या मळ्यातल्या विहिरीला मार्चात सात फूट पाणी होतं असं लिहिलंय. दोर कोणी सोडला होता?’

ज्या मुलीने दोर सोडला असेल ती तारीख सांगेल, कोण सोबत होते ते सांगेल, कदाचित फूट-इंचावरून त्याच्याशी वादही घालेल. बाकीच्यांना खाली पाहावे लागेल.